शंकरपटाची निवेदन सेवा: आवाज उत्तम, व्यवस्था अपुरी

नागपूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, शहरातील एका संस्थेची निवेदन व ध्वनिक्षेपक सेवा घेतली होती. निवेदक खरोखर जाणकार होते. जोडी सुटण्यापूर्वी मालक, गाव आणि धुरकरी (जोडी हाकणारा) यांची नावे सांगून ते क्षणभर थांबत, आणि जोडीने रेषा ओलांडताच सेकंदांचा आकडा इतक्या स्वच्छ आवाजात उच्चारत, की पार शेताच्या धुऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही तो शेजाऱ्याला विचारावा लागत नव्हता.

शर्यतींवरील २०१४ च्या बंदीने या निवेदकांचे हंगामी काम थांबले होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि ते परतले, परंतु कामाचे स्वरूप बदलले. समोरच्या गर्दीबरोबरच मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांसाठीही आता बोलावे लागते. शिवाय बैलांना काठी वा चाबूक लावू नये, हेही तेच वारंवार बजावतात. एवढ्या कामासाठी संस्थेने एकच माणूस पाठवावा, हे मला मुळीच पटले नाही. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला. संस्थेच्या मंचावर साधे छतही नव्हते. शेवटी गावातल्या मुलांनी ताडपत्री बांधून दिली.

सेवा अवश्य घ्यावी, मात्र दोन निवेदक, सावली आणि जेवणाची सुट्टी या अटी आधीच लेखी ठरवून घ्याव्यात.