कुंडीतला युझू: काटे सोसेन, पण पाटीवर खुंट लिहा

युझू म्हणजे जपानी सुवासिक लिंबू; त्याचं कलमी रोप मी इथे जपानात कुंडीत लावलंय. त्याला आलेल्या नव्या फुटीबद्दल विचारलं तर नर्सरीवाले म्हणाले, “फूट जोमदार आहे, राहू द्या.” मी पाठवलेल्या फोटोत स्पष्ट दिसत होतं: कलमाच्या सांध्याखालून निघालेली, बेलासारख्या त्रिदल पानांची फूट. ती युझूची नव्हेच, खालच्या खुंटाची, म्हणजे ज्यावर युझूचं कलम बांधलंय त्या कारातची नावाच्या त्रिदल लिंबाची. काटोलकडे संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तिकडे जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, आणि सांध्याखाली काही फुटलं की बाबा चालता चालता अंगठ्याने मोडून टाकायचे. राहू दिलं तर खुंट शिरजोर होतो आणि वरचं कलम मरतं. चार हजार येन मोजलेल्या गिऱ्हाइकाला असा सल्ला देणं मला अजून पचलेलं नाही. फूट मी बुडातून काढली. आता झाडाबद्दल लिहिते.

थंडीचा प्रश्न मिटला. टोकियोशेजारच्या साइतामात आमच्या गॅलरीत जानेवारीत पारा उणे 5 पर्यंत गेला, कुंडीतली माती वरून दगड झाली, तरी पानं टिकली. युझूच्या वंशात एका बाजूला इचांग पापेडा हे चिनी रानलिंबू आहे, दुसऱ्या बाजूला मँडरिन. काटकपणा त्या रानलिंबाचा. खुंटाचाही हातभार आहेच. कारातची हिवाळ्यात पानं गाळून झोपतो, उणे 20 च्या आसपासही जगतो आणि डिंक्या रोगाला सहजी दाद देत नाही. बियांपासून वाढवलेल्या युझूला फळ यायला जुन्या जपानी म्हणीत अठरा वर्षं सांगितलीत. कारातचीवर कलम केलं की तीन-चार वर्षांत फळ दिसतं. चुनखडीच्या जमिनीत मात्र हा खुंट पिवळा पडतो, त्यामुळे गावाकडे काळ्या मातीत लावायला कुणी रोप मागवू नका.

आता काटे. याबद्दल कुणी पुरेसं बोलतच नाही. पानापानाच्या बगलेत एक, बोटाच्या पेराएवढा, हिरवा, टोकाशी तपकिरी आणि सुईइतका ताठ. बागकामाचे जाड हातमोजे भेदून आत जातो. पाणी घालताना मनगट ओरबाडतं, गॅलरीत वाळत घातलेली ओढणी अडकते, मुलीला त्या कोपऱ्यात जायची बंदी आहे. फळांचंही नुकसान होतं: वादळी वाऱ्यात फांद्या हलल्या की काटे कोवळ्या सालीत घुसतात आणि तिथे कायमचा तपकिरी खड्डा राहतो. छाटणीच्या कात्रीने एकेक काटा कापत बसण्यात माझी एक अख्खी रविवार सकाळ गेली. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी दोनच तारे दिले असते.

ऑक्टोबरात मत बदललं. हिरव्या फळाची साल किसली, हिरवी मिरची आणि मीठ घालून वाटली. याला इथे युझु-कोशो म्हणतात. ज्वारीचं पीठ संपलं होतं, म्हणून पोळीलाच लावून खाल्लं. स्वयंपाकघरात रात्रीपर्यंत वास होता! रस मात्र जेमतेम निघतो आणि बियाच बिया. लिंबूपाण्याच्या आशेने हे झाड घेऊ नका. सगळी किंमत सालीची. डिसेंबरात दुकानात एका फळाला दीडशे-दोनशे येन पडतात, म्हणून मी साल किसून गोठवते. दक्षिणायन संपतं त्या दिवशी इथे टबात युझू घालून आंघोळ करतात. त्यासाठी किसून उरलेली फळं जाळीच्या पिशवीत बांधून टाकली. घरात कुणाला फरक कळला नाही.

घेताना सर्वांत मोठा धोका पाटीचा. ‘इचिसाइ युझू’ म्हणून लवकर फळणारी रोपं मिळतात, ती हानायुझू. जात वेगळी, फळ लहान, वास फिका. माझ्या रोपावर नुसतं ‘युझू’ होतं. होन-युझू, म्हणजे अस्सल युझू, आहे का, असं विचारलं तर “युझूच आहे” एवढंच उत्तर. फळ 120 ग्रॅम भरलं, साल जाड आणि खडबडीत निघाली, तेव्हा खात्री पटली. गिऱ्हाइकाला हे कळायला फळ धरेपर्यंत थांबावं लागू नये.

झाडाला साडेचार तारे, नर्सरीला एक. पुढचं रोप तादानिशिकी या युझूच्याच वाणाचं घेणार आहे. त्याला काटे आणि बिया दोन्ही कमी. वास थोडा सौम्य असतो म्हणतात, तो चालेल. पण वाण आणि खुंट दोन्ही पावतीवर लिहून देणाऱ्याकडूनच, मग पाचशे येन जास्त गेले तरी हरकत नाही.