यूमिक-१ आठ महिने वापरल्यावर: स्वीपचा आवाज किती ठेवावा?

यूमिक-१ हा यूएसबी माईक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मी आठ महिने घरातल्या स्पीकरच्या आवाजाची मापं घेतोय. खोली १२ बाय १० फूट, खिडकीखाली बसचा रस्ता. माईकवर मी खूश आहे. त्याच्या सिरीयल नंबरची कॅलिब्रेशन फाइल (त्या माईकच्या चुका भरून काढणारे आकडे) टाकली की सॉफ्टवेअर थेट डेसिबल दाखवतं. माझा वेळ गेला तो स्वीप, म्हणजे खर्जापासून वर चढत जाणारा चाचणीचा सूर, किती मोठ्याने वाजवायचा, हे कळण्यात.

सुरुवातीला बसचा आवाज झाकला जावा म्हणून ९० डेसिबलपर्यंत जायचो. आलेखात १२० हर्ट्झपाशी डिस्टॉर्शन (मूळ सुरात नसलेला, भेसळीचा आवाज) एकदम चढायचं आणि मी स्पीकरला दोष द्यायचो. एकदा स्वीप चालू असताना खोलीतच थांबलो, तर लोखंडी कपाटाचं दार थरथरत होतं! फटीत पुठ्ठ्याची घडी खोचली आणि तो उंचवटा गेला.

तेव्हापासून बसायच्या जागी ७५ डेसिबल. १० डेसिबल वाढवायचे तर अँपला दहापट पॉवर द्यावी लागते, आणि त्याचा मार ट्वीटरला, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला, बसतो. त्याऐवजी स्वीप लांबवा. लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत साधारण ३ डेसिबल पदरात पडतात. सॉफ्टवेअरमध्ये ही लांबी नमुन्यांच्या (सॅम्पलच्या) संख्येत असते; मी २५६के वरून १एम वर गेलो. सेकंदाला ४८ हजार नमुने (४८ किलोहर्ट्झ) धरले तर साडेपाच सेकंदांऐवजी सुमारे बावीस सेकंद लागतात, बस्स. पंखा मात्र बंदच हवा, आणि रात्री साडेअकरानंतर बसलात तर उत्तम.

आवाज विरायला किती वेळ लागतो, हे मोजताना एवढ्यावर भागत नाही. टी-३० (३० डेसिबलच्या उतरणीवरून काढलेला विरण्याचा वेळ) साठी उणे ५ ते उणे ३५ डेसिबलपर्यंतची उतरण स्वच्छ दिसावी लागते, म्हणजे गोंगाट निदान ४५ डेसिबल खाली हवा. खर्जात तो तेवढा खाली जातच नाही, म्हणून तिथे मी ८० पर्यंत चढतो.

आपली पातळी ठरवायची तर ७५ आणि ८५ ला एकेक माप घ्या आणि ८५ ची रेषा १० डेसिबल खाली सरकवून ७५ च्या रेषेवर ठेवा. माझ्याकडे ४७ हर्ट्झचा फुगवटा दोन्हींत तंतोतंत सारखा आला. तो १२ फूट अंतरावरच्या भिंतींमध्ये आवाज घुमल्याने येणारा, म्हणजे खोलीचा, स्पीकरचा नव्हे. ४० हर्ट्झच्या खाली मात्र ८५ ची रेषा २ डेसिबल कमी पडली. तिथे वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) दमत होता, म्हणून ८० च्या वर मी आता जात नाही.