बिस्मार्क अभ्यासायची तर १९४१ चा चौकशी अहवाल आधी, की चाळीस वर्षांनंतरच्या आठवणी?

बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका २७ मे १९४१ रोजी सकाळी अटलांटिकमध्ये बुडाली. जहाजावर २,२०० हून जास्त माणसं होती, जगली ती ११५ च्या आसपास. बहुतेकांना डॉर्सेटशायर आणि माओरी या ब्रिटिश जहाजांनी उचललं, तिघांना यू-७४ पाणबुडीने आणि दोघांना साक्सेनवाल्ड या जर्मन जहाजाने. पाणबुडी दिसल्याचा संशय आला म्हणून डॉर्सेटशायर निघून गेली, तेव्हा शेकडो माणसं अजून पाण्यात होती.

या मोजक्या माणसांचं सांगणं आपल्याकडे मुख्यतः दोन वाटांनी आलं आहे. ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाने कैद्यांची चौकशी करून ऑगस्ट १९४१ मध्ये अहवाल काढला, ही पहिली वाट. दुसरी वाट पुढच्या काळातल्या आठवणींची. त्यांत सर्वांत वजनदार म्हणजे बुर्कार्ड फॉन मुलेनहाइम-रेखबर्ग यांचं १९८० सालचं पुस्तक. वाचलेल्यांत ते सर्वांत वरिष्ठ अधिकारी होते.

अहवालाची जमेची बाजू म्हणजे ताजेपणा. तोवर ना कुणी पुस्तकं वाचली होती, ना चित्रपट पाहिले होते. पण विचारणारे शत्रुपक्षाचे होते, आणि त्यांना तोफा, चिलखत, वेग आणि खलाशांची मनःस्थिती जाणून घ्यायची होती. पाण्यात तरंगताना काय वाटलं, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. शिवाय अनेकांचं बोलणं एकत्र करून लिहिल्यामुळे कोण काय म्हणालं, हे बहुतेक ठिकाणी कळत नाही. आठवणींत माणूस नावानिशी उभा राहतो, मात्र स्वतः पाहिलेलं आणि नंतर कळलेलं यांची सरमिसळ झालेली असते. मुलेनहाइम स्वतः मागच्या बाजूच्या तोफ-नियंत्रण कक्षात होते. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, काय चाललं होतं, ते त्यांना तिथून दिसणं शक्य नव्हतं.

फरक कळायला एकच प्रश्न घ्या: जहाज ब्रिटिशांनी बुडवलं की जर्मनांनीच? यंत्रविभागातले अधिकारी गेर्हार्ड युनाक यांनी युद्धानंतर सांगितलं, की जहाज बुडवण्याचे स्फोटक त्यांनी लावले आणि त्यांचे धमाके ऐकले. हे सांगणं उशिराचं, तरी माणूस नेमका त्या जागी होता. १९८९ मध्ये रॉबर्ट बॅलर्ड यांना सुमारे ४,८०० मीटर खोल अवशेष सापडले. सांगाडा बराचसा शाबूत पाहून युनाक यांच्या म्हणण्याला बळ मिळालं, पण वाद पुढेही चालू राहिला. म्हणून साक्षीचं वय मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. आधी विचारतो, हा माणूस जहाजावर कुठे उभा होता? जहाजाचा लांबीच्या दिशेने उभा छेद कागदावर काढा आणि प्रत्येक साक्षीदाराची जागा खुणेने दाखवा. निम्मे विरोधाभास तिथेच सुटतात.

बिस्मार्कवरून या मोहिमेचं नेतृत्व करणारे अॅडमिरल ल्युट्येन्स यांनी २५ मे रोजी खलाशांपुढे केलेल्या भाषणाचं मात्र उलट आहे. ते सर्वांनाच ऐकवलं गेलं, आणि मूळ कागद जहाजाबरोबरच गेला. आज जो मजकूर आपण वाचतो, तो वाचलेल्यांच्या आठवणीतून जुळवलेला आहे. इथे शब्दन् शब्द धरू नका, पण ते ऐकून खलाशी खचले हे १९४१ च्या जबानीतही आहे आणि नंतरच्या आठवणींतही. एवढं खुशाल धरा.

माझं मत असं: एका महिन्याचाच अवधी असेल तर अहवाल पूर्ण वाचा आणि त्याच्या शेजारी मुलेनहाइम ठेवा. तांत्रिक प्रश्न असेल तर पहिल्याला झुकतं माप द्या. आणि माणसांसाठी आला असाल, त्या समुद्रात त्यांच्यावर काय गुदरलं ते समजून घ्यायचं असेल, तर उशिराच्या आठवणींकडेच जा. पाण्यात दोर हाताला लागला पण तेलाने निसटला, असे तपशील चौकशीच्या अहवालात शोधून सापडणार नाहीत.