पालेंकेहून तिकालला: नदी ओलांडावी की बेलीझचा वळसा घ्यावा?

मेक्सिकोतलं पालेंके पाहून झालं की पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांना पुढे ग्वाटेमालातलं तिकाल गाठायचं असतं. दोन्ही प्राचीन माया लोकांची, आता जंगलात उजाड पडलेली नगरं. नकाशावर ती जवळच दिसतात. मधे आहे ते जंगल आणि उसुमासिन्ता नदी, म्हणजेच दोन देशांची सरहद्द. जमिनीवरून जाण्याच्या दोन वाटा मी केल्या आहेत. पहिल्या वेळी एका मित्राबरोबर थेट नदी ओलांडून गेलो. दुसऱ्या वेळी बायको आणि सासूबाई सोबत होत्या, तेव्हा मेक्सिकोतलंच कालाकमुल आणि चेतुमाल, मग बेलीझ देश असा मोठा वळसा घेऊन गेलो. ‘कुठली वाट घेऊ?’ असं विचारणाऱ्याला मी आधी दोनच गोष्टी विचारतो: हाताशी दिवस किती, आणि बेत ऐनवेळी मोडला तर चालेल का?

नदीची वाट आधी सांगतो, कारण माझा जीव तिच्यात अडकला आहे. पालेंकेहून सीमेलगतच्या रस्त्याने फ्रोन्तेरा कोरोसाल हे नदीकाठचं गाव साधारण तीन तासांवर आहे. तिथे लांबट, गवताच्या छपराच्या मोटारबोटी मिळतात. थेट पलीकडे ला तेक्निकाला उतरायचं तर काही मिनिटंच लागतात. तिथून तिकालजवळच्या फ्लोरेस या गावापर्यंत चार-पाच तासांचा खडखडाटी रस्ता. पहाटे निघालात तर एका दिवसात पोहोचता येतं.

पण एका दिवसात उरकलं तर या वाटेचा जीवच हरवतो. कोरोसालच्याच धक्क्यावरून बोटीने प्रवाहाबरोबर पाऊण-एक तास गेलं की याश्चिलान हे जुनं माया नगर येतं. तिथे रस्ता जातच नाही. अंधाऱ्या बोळातून वटवाघळांच्या वासातून आत शिरायचं आणि एकदम मोठ्या चौकात बाहेर यायचं. डोक्यावर माकडांचं गुरगुरणं चालू असतं. दारांच्या वरच्या दगडी तुळयांवर इथल्या राजाराण्यांचं कोरीवकाम आहे. राणी जिभेतून काटेरी दोर ओवते आहे आणि राजा मशाल धरून उभा आहे, ही सर्वांत प्रसिद्ध तुळई आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिची मूळ जागा पाहताना मला फार वाईट वाटलं. तात्याना प्रोस्कुरियाकोफ या विदुषीने 1960 मध्ये याच नदीच्या ग्वाटेमालाच्या काठावरच्या पिएद्रास नेग्रास या माया नगराचे शिलालेख तपासून दाखवून दिलं की त्यांत नुसतं पंचांग आणि ग्रहतारे नाहीत, तर राजांचे जन्म, राज्यारोहणं, लढायाही आहेत. पुढे तिने याश्चिलानच्या राजघराण्याचाही माग काढला. ज्या दगडांनी मायांना त्यांचा इतिहास परत मिळवून दिला, ते या पाण्याच्या काठचे आहेत. म्हणून ही नदी मला सरहद्दीपेक्षा हमरस्ता वाटते, आणि मायांच्या काळी ती तशीच होती.

वाटेतच बोनाम्पाक हे आणखी एक माया स्थळ आहे. इमारत लहान, तीन खोल्यांची, पण आत इसवी सन 790 च्या सुमाराची भित्तिचित्रं: कर्णेवाले, नर्तक, लढाई, नखं उपटलेले कैदी. बाहेरच्या जगाला ती 1946 मध्ये दिसली. लाकान्दोन आदिवासींच्या लाकांखा गावात रात्रीचा मुक्काम केला की बोनाम्पाक आणि याश्चिलान दोन्ही निवांत होतात. म्हणजे नदीच्या वाटेला खरे दोन दिवस द्या.

आता हिची दुसरी बाजू. मेक्सिकोच्या या सीमाभागात अलीकडच्या वर्षांत टोळ्यांचा हिंसाचार वाढला आहे, आणि रस्ता अडवून पैसे मागणं तर तिथे जुनंच आहे. महिनाभरापूर्वीची माहिती इथे शिळी ठरते. पालेंकेत पोहोचल्यावर दोन-तीन वेगवेगळ्या लॉजवाल्यांना आणि चालकांना विचारा. एकाच्याही बोलण्यात चाचरणं दिसलं तर जाऊ नका, मग ते याश्चिलान का असेना. रात्रीचा प्रवास तर कुठल्याच परिस्थितीत नको.

शिक्क्यांचंही नीट समजून घ्या. मेक्सिकोतून बाहेर पडल्याचा शिक्का बोटीत बसण्याआधी कोरोसालच्याच कचेरीत घ्यायचा. बोटवाला घाई करतो, तिकडे लक्ष देऊ नका. पलीकडे ग्वाटेमालाचा प्रवेशाचा शिक्का कुठे मिळेल तेही तिथेच विचारून घ्या, कारण उतरण्याची जागा आणि कचेरीची जागा एकच असेल असं नाही. आमचं वेगळंच झालं. पालेंकेतल्या एका एजंटाने ‘पलीकडे गाडी उभी असेल’ म्हणून फ्लोरेसपर्यंतचे सगळे पैसे आगाऊ घेतले, आणि पलीकडे गाडीच नव्हती. दोन तास उन्हात बसून शेवटी पुन्हा पैसे मोजून गावच्या बसने गेलो. तेव्हापासून मी सांगतो की पैसे नदीपर्यंतचेच द्यावेत. आणि थोडे केत्साल (ग्वाटेमालाचं चलन) खिशात हवेत, पलीकडे एटीएम नाही.

बेलीझच्या वळशाला चार दिवस तरी धरा, पाच असतील तर उत्तम. अंतर मोठं असलं तरी टप्पे लहान आहेत, मुक्कामाला बरी गावं आहेत, आणि बेलीझमध्ये इंग्रजी चालतं. सासूबाई बसच्या कंडक्टरशी स्वतः बोलू शकल्या. औषधाच्या दुकानात काय हवं ते स्वतः सांगू शकल्या. नदीच्या वाटेवर त्या आमच्यावर अवलंबून राहिल्या असत्या.

इतिहासाच्या दृष्टीनेही ही वाट दुय्यम नाही. तिची गोष्ट वेगळी आहे इतकंच: ही तिकालच्या वैऱ्यांची वाट आहे. कालाकमुलच्या नागवंशी राजांनी तिकालला दीर्घकाळ जेरीस आणलं आणि 695 मध्ये तिकालने त्यांचा पराभव केला. बेलीझमधल्या काराकोलच्या शिलालेखात 562 मधल्या तिकालच्या पराभवाची नोंद आहे. ही दोन्ही पाहून तिकालला पोहोचलात तर तिथली उंच मंदिरं कोणाला दाखवायला बांधली असतील ते डोळ्यांपुढे उभं राहतं. अडचण एवढीच की कालाकमुल हमरस्त्यापासून साठ किलोमीटर आत आहे, गाडी ठरवावीच लागते. काराकोललाही अख्खा दिवस जातो. वेळ नसेल तर बेलीझमधल्याच सान इग्नासिओ गावाजवळचं शुनान्तुनिच हे माया स्थळ करा. चाळीस मीटरच्या आसपास उंच मंदिर, वरून ग्वाटेमाला दिसतो, आणि सासूबाई अर्ध्यापर्यंत चढल्या.

धबधब्यांत मात्र मेक्सिकोची बाजू निर्विवाद वरचढ आहे. पालेंकेजवळचा मिसोल-हा सुमारे 35 मीटरवरून कोसळतो आणि पडद्याच्या मागून चालत जाता येतं. आग्वा आसूलचं पाणी चुन्याच्या क्षारांमुळे निळंशार असतं, पण जून ते ऑक्टोबरच्या पावसात गढूळ होतं. गर्दी नको असेल तर रोबेर्तो बारिओस गावच्या धबधब्यांना जा, तिथे पाण्यात डुंबत अख्खी दुपार निघते. हे सगळं पालेंकेला राहूनच होतं, म्हणून वाट कुठलीही घेतली तरी त्यासाठी एक दिवस आधीच राखून ठेवा. बेलीझच्या डोंगराळ भागात रिओ ऑनचे डोह चांगले आहेत. थाउजंड फूट फॉल्स मात्र समोरच्या कड्यावरून लांबूनच पाहायचा.

खर्चात नदी स्वस्त, बेलीझ महाग. तिथे दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, आणि जेवणा-राहण्याचे दर पाहून हात आखडतो. वर बाहेर पडण्याचं शुल्कही आहे. मेक्सिकोतून चेतुमालकडून बाहेर पडताना पर्यटक कर मागतात. तो तुमच्या विमानाच्या तिकिटात आधीच भरलेला असेल, तर तपशील दाखवणारी पावती छापून जवळ ठेवा.

शाकाहारी मंडळींनी दोन्हीकडे एक वाक्य पाठ करावं: ‘सिन मान्तेका’, म्हणजे डुकराची चरबी नको. काळ्या घेवड्याच्या उसळीत ती सर्रास असते. मक्याची चुन्याच्या पाण्यात शिजवून केलेली तोर्तिया मात्र भाकरीवर वाढलेल्या माणसाला परकी वाटत नाही. बेलीझमध्ये नारळाच्या दुधातला भात-घेवडा मिळतो. त्यात मांस किंवा चरबी नाही ना एवढं विचारून घ्या. आमच्या कोकणातल्या सासूबाईंनी तो दोनदा मागून खाल्ला.

व्हिशावर पुष्कळदा सगळा निर्णय ठरतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोसाठी वेगळा लागत नाही. ग्वाटेमाला आणि बेलीझचे नियम त्यांच्या त्यांच्या वकिलातीकडून लेखी मागवा. वळशाच्या वाटेवर एक देश जास्त, म्हणजे एक परवानगी जास्त. ती मिळत नसेल तर पुढचा विचारच नको.

माझं मत विचाराल, तर आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील, स्पॅनिश अजिबात येत नसेल, किंवा पालेंकेत कोणी जरा जरी शंका बोलून दाखवली, तर बेलीझ. दोघं-तिघं तरुण असाल, हातात दोन दिवस असतील आणि रस्ता मोकळा असल्याची खात्री झाली असेल, तर नदी. मुक्काम करून गेलात तर दुसऱ्या सकाळी पहिल्या बोटीने याश्चिलान करा, दहा-साडेदहापर्यंत धक्क्यावर परत या आणि लगेच पलीकडे जा. दुपार उलटली की ला तेक्निकाहून फ्लोरेसकडे जाणाऱ्या गाड्या विरळ होत जातात.