बाबांचं रिव्हॉल्वर माझ्या नावावर: चौदा महिने फाइलचे, अठरा महिने परवान्याचे

ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याची बंदूक ही काही मिरवून सांगायची गोष्ट नाही. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या खांद्याला दुनळी लटकलेली असते आणि आपण तिच्यापासून डोकं सांभाळत पासबुक पुढे करतो. ग्वाल्हेर शहराच्या लश्कर भागातल्या आमच्या गोठीत मात्र, म्हणजे जुन्या मराठी वस्तीत, हत्यार असलेली घरं थोडीच. बाबांचं एक होतं. कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर, १९९८ साली घेतलेलं, डबऱ्याकडच्या शेतावर रात्री जावं लागे म्हणून. माझ्या आठवणीत ते कधी उडालं नाही. दसऱ्याला शस्त्रपूजेत पाटावर यायचं, आई त्याला हळदकुंकू लावायची, आणि पुसून परत गोदरेजच्या कपाटात.

ऑगस्ट २०२२ मध्ये बाबा गेले. तेराव्यानंतर पहिल्यांदा लक्षात आलं की हत्यार घरात आहे आणि ज्याच्या नावावर परवाना, तो माणूस नाही. म्हणजे ते घरात ठेवणंच बेकायदा. आर्म्स ॲक्टप्रमाणे अशा वेळी ते जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं असतं. मी डीलरकडे केलं. महिन्याचं भाडं द्यावं लागतं, पण तेल-पाणी होतं. ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा मालाच्या खोलीत, तेल कोण घालणार?

एक चूक इथेच सांगून टाकतो, कारण ती आमच्या घरची आहे, कुठल्या ऑफिसची नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करू शकतो. बाबा सत्तरीचे झाले २०१६ मध्येच. सहा वर्षं होती आमच्या हातात. स्वतः सही करायला, 'हो, मुलाला द्या' म्हणायला माणूस घरात बसलेला होता. विषय काढणं अशुभ वाटलं म्हणून कुणी काढला नाही. त्यांच्यानंतर मग मृत्यू दाखला, वारसांची यादी आणि बाकीच्या सगळ्या वारसांची नोटरी केलेली ना-हरकत, असं सगळं जमवावं लागलं. ताई पुण्याला. तिने सही करायला दोन महिने घेतले. हरकत नव्हती, पण तिचं म्हणणं एकच: "ते धूड तुला हवंय कशाला?" याचं उत्तर मी अजून नीट दिलेलं नाही.

नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी अर्ज टाकला. फॉर्म ए-१, ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढून कागदांसह कलेक्टर कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत द्यायचा. सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण एका दिवसात उरकलं. मेडिकल सर्टिफिकेटसाठी सरकारी दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: पिता का, आणि झोप लागते का. दुसऱ्याला मी म्हटलं, अर्ज टाकल्यापासून नाही. ते हसले नाहीत, सही केली.

आता मुख्य भाग, म्हणजे पोलीस चौकशी. परवाना देणारे कलेक्टर, पण अर्ज आला की पोलिसांचा अहवाल मागवायचाच असतो. माझ्या फाइलचा प्रवास असा: शाखेतून एसपी ऑफिस, तिथून सीएसपी (शहर विभागाचे पोलीस अधिकारी), तिथून आमचं ठाणं, आणि त्याच रस्त्याने उलट. अपराध रेकॉर्डची तपासणी वेगळी, महसूलकडून एसडीएमचा (प्रांताधिकाऱ्यांचा) अहवाल वेगळा. नियमात पोलीस अहवालाला तीस दिवस दिलेत. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच वाटायचं की फाइल ठाण्यात आहे आणि ठाणं झोपलंय.

जानेवारीत बीटचे दीवानजी, म्हणजे हवालदार, घरी आले. मोटरसायकल बंद पडली होती, तेव्हा शेजाऱ्यांच्या जबान्या घ्यायला त्यांना माझ्याच ॲक्टिव्हावर मागे बसवून नेलं. ज्याची चौकशी, त्याच्याच गाडीवर चौकशी अधिकारी! शेजारच्या काकूंनी मला दारात पोलिसाबरोबर बघून आधी छातीला हात लावला. मग सांगितलं की मुलगा चांगला आहे, भांडण-तंटा नाही, पण कचऱ्याची गाडी आली की उठत नाही. दीवानजींनी लिहिलं: 'आचरण ठीक'. दुसरा साक्षीदार पानवाला. तो मला चेहऱ्याने ओळखत होता, नाव त्याने माझ्याकडे बघून विचारलं. तेवढ्यात झालं. घड्याळ बघितलं होतं मी, घराच्या दारापासून परत घराच्या दारापर्यंत पंचवीस मिनिटं.

त्या पंचवीस मिनिटांत एक गोष्ट कुणी विचारली नाही. हत्यार घरात ठेवणार कुठे? कपाटाला कुलूप आहे का, घरात लहान मुलं किती, किल्ली कुणाकडे. माझी धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती आणि स्टुलावर चढून डबे उघडायच्या वयात. सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र मी अर्जासोबत दिलं होतं खरं, पण कागदावरचं कपाट बघायला कुणी खोलीत डोकावलं नाही. सगळा भर एकाच गोष्टीवर: पूर्वी काही केलंय का. उद्या घरात काय होऊ शकतं, ही चौकशी माझ्या बायकोने केली. तिच्या हट्टाखातर भिंतीत बोल्ट केलेली छोटी तिजोरी बसवली आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात. इतक्या महिन्यांत याहून शहाणा निर्णय कुणीच घेतला नाही, माझ्यासकट.

मग फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. दर पंधरा दिवसांनी ठाण्यात. हेड मोहर्रिर, म्हणजे ठाण्याचे मुख्य कारकून, दर वेळी तेच सांगायचे, "भाईसाब, ऊपर गई है." वर कुठे, ते सांगायचे नाहीत. मी घरी येऊन शिव्या घालायचो. लोक सल्ले द्यायचे: चहापाणी कर, अमक्या नेत्याकडून फोन करव, १८१ वर तक्रार टाक. १८१ म्हणजे सीएम हेल्पलाइन. टाकली. आठ दिवसांत फोन आला, पण फाइलबद्दल नाही, 'तक्रार मागे घ्या, काम होतंय' म्हणून. काम होत नव्हतं. मागे घेतली नाही, तर ती 'निराकरण' शेरा मारून बंद झाली.

जूनमध्ये दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. 'अर्जाचं काय झालं' असं विचारलं नाही, कारण त्याला 'प्रक्रिया सुरू आहे' हे उत्तर ठरलेलं असतं. एका वकील मित्राने सांगितलं तसं लिहिलं: माझी फाइल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आली, कोणत्या तारखेला निघाली, आवक-जावक क्रमांकासह. उत्तर जुलैत आलं, आणि ते वाचून मी जरा वेळ गप्प बसलो.

ठाण्याने अहवाल एकोणीस दिवसांत पाठवला होता. तीस दिवसांची मुदत असताना एकोणीस! ज्यांना मी पाच महिने शिव्या घातल्या, त्यांनी काम केव्हाच संपवलं होतं. 'ऊपर गई है' हे अक्षरशः खरं होतं. पुढच्या ऑफिसात जावक रजिस्टरमध्ये माझ्याच आडनावाच्या दुसऱ्या एका अर्जाचा क्रमांक माझ्या कागदाला पडला आणि अहवाल त्या दुसऱ्या फाइलमध्ये जाऊन बसला. त्या गृहस्थांची फाइल दोन अहवालांनी गुबगुबीत, माझी उपाशी. कुणी पैशासाठी अडवली नव्हती, कुणाचं वैर नव्हतं. एक आकडा चुकला होता आणि तो चुकलाय हे बघणं कुणाच्याच कामात मोडत नव्हतं.

हेही तेव्हाच कळलं की पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची वाट न बघता कलेक्टर निर्णय घेऊ शकतात, अशी तरतूद कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. घेऊ शकतात, घ्यावाच असं नाही. आमच्या भागात हत्याराच्या कागदावर पोलिसांच्या अहवालाशिवाय सही कोण करेल, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर करावी असंही मला वाटत नाही.

अहवाल सापडला, पण आता तो सहा महिन्यांपेक्षा जुना. पुन्हा चौकशी. ऑगस्टमध्ये तेच दीवानजी, तोच पानवाला. या वेळी मोटरसायकल चालू होती. काकूंनी चहा केला आणि कचऱ्याच्या गाडीचा मुद्दा वगळला. मी या वेळी ठाण्यातून निघण्याआधी जावक क्रमांक आणि तारीख मोबाइलमध्ये टिपून घेतली, आणि चार दिवसांनी पुढच्या टेबलावर जाऊन तोच क्रमांक विचारला. हे मी पहिल्या दिवसापासून केलं असतं तर पाच महिने वाचले असते. फाइल पुढे सरकली की आपण तिच्या मागे नाही, एक टेबल पुढे जाऊन उभं राहायचं.

९ ऑक्टोबर २०२३ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. अख्खी शाखा निवडणुकीच्या कामाला. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, दिवाळी काढली. जानेवारी २०२४ मध्ये आदेश निघाला, शुल्क आणि स्टॅम्प ड्युटी भरली, आणि परवान्यावर हत्याराचा नंबर चुकीचा छापून आला. डीलरने रिव्हॉल्वर काउंटरवर घेतलं, फ्रेमवरचं जुनं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि सोनाराचं भिंग लावून अक्षर दाखवलं: इंग्रजी 'बी', पण खालचं पोट घासून जवळजवळ आठ झालेला. जुन्या पुस्तिकेत बी, नव्यात आठ. दुरुस्तीला तीन आठवडे. तुमच्याकडे जुनं हत्यार असेल तर अर्जाआधीच नंबर भिंगाने वाचून फोटो काढून ठेवा.

आता वापराबद्दल. 'वापर' हा शब्द जरा जास्तच होतोय. परवाना पाच वर्षांचा आहे, बाबांच्या वेळी तीनचा असायचा. आर्म्स ॲक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीत मुदत वाढली आणि माणशी हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडही त्याच दुरुस्तीतला, तरी दर लग्नसराईत पेपरात एखादी बातमी असतेच. माझं रिव्हॉल्वर फेब्रुवारीत घरी आलं. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यारं जमा करायचा आदेश निघाला. चौदा महिने धावून मिळवलेलं हत्यार सहा आठवडेसुद्धा घरात राहिलं नाही. त्याच ठाण्यात, त्याच हेड मोहर्रिरांपुढे उभा राहून मी ते परत दिलं. जूनमध्ये मिळालं तेव्हा नळीवर गंजाचा तांबूस ठिपका होता, नखाएवढा. मालखान्याबद्दल आधी म्हटलं होतं तेच.

नव्या हँडगनसाठी अर्ज करणाऱ्यांनी माझ्या चौदा महिन्यांवर हिशोब बांधू नये. माझं वारसाचं होतं. नवीन पिस्तूल-रिव्हॉल्वरची फाइल भोपाळला गृह विभागापर्यंत जाते, आणि जिवाला धोका आहे हे कागदोपत्री दाखवावं लागतं. बाकी आमच्या भागात अटींचा काही भरवसा नाही. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करणाऱ्याला परवान्यात प्राधान्य होतं, २०१९ मध्ये ग्वाल्हेरात दहा झाडं लावून त्यांच्यासोबतचा सेल्फी मागत होते, त्याच वर्षी थंडीत गोशाळेला घोंगड्या. झाडांचं मला पटलं होतं. माझ्या वेळी कुणी मागितली नाहीत.

गेल्या दसऱ्याला रिव्हॉल्वर पाटावर आलं. आईने हळदकुंकू लावलं, धाकटीने लांबून नमस्कार केला, आणि बायकोने ते स्वतः तिजोरीत ठेवून किल्ली कमरेला खोचली. जमा केल्याची लोकसभेच्या वेळची पावती मी फेकणार होतो. हेड मोहर्रिर म्हणाले, "रख लो भाईसाब, अगले चुनाव में यही दिखा देना, नंबर उतारने में आसानी रहेगी." परवान्याच्या पुस्तिकेतच खोचून ठेवली आहे.