डाळिंबी साडी आणि मरून पार्श्वभूमी: वेबसाईटच्या रंगांसोबत अकरा महिने

सातवी साडी परत आली तेव्हा पार्सल उघडायच्या आधीच मी ओळखलं, आत डाळिंबीच असणार. ठाण्याच्या ताईंनी सोबत चिठ्ठी घातली होती: "फोटोत विटकरी वाटली म्हणून मागवली. ही तर चांगली लाल आहे." साडी तीच, फोटो तिचाच, त्यावर कसलाही फिल्टर नाही. मग विटकरी आली कुठून?

आम्ही म्हणजे मी आणि सासूबाई. इंदूरला लोकमान्य नगरात घरूनच महेश्वरी साड्या विकतो. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर, महिन्यातून एक चक्कर मारून माल आणतो. ओळखीपाळखीत धंदा बरा चालला होता. गेल्या गणपतीत वेबसाईट केली आणि पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी यायला लागल्या. हा अनुभव त्या वेबसाईटच्या रंगांचा आहे. पैसे कसे घ्यायचे, कुरियर कोणता लावायचा, हे विषय वेगळे आणि त्यांत मी अजून शिकतेच आहे.

साईट ओळखीतल्या एका मुलानं करून दिली. "भाभी, एकदम रॉयल लुक आएगा," म्हणाला. गडद मरून पार्श्वभूमी, त्यावर सोनेरी अक्षरं आणि मागे सगळीकडे महेश्वरी काठाची लहर बारीक नक्षीत पसरलेली. ती लहर म्हणजे नर्मदेच्या लाटा, आमच्या मालाची ओळखच. सासूबाई बघून खूश. "अगं, लग्नपत्रिकेसारखं दिसतंय!" त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मी तेव्हाच ती तक्रार समजायला हवी होती. लग्नपत्रिका आपण एकदा वाचतो, तीही तारीख आणि कार्यालयाचा पत्ता बघण्यापुरती.

आधी अक्षरांचं सांगते, कारण पहिली कुरकुर तिथूनच आली. सासूबाईंच्या भिशीतल्या काकूंनी फोन केला, "तुमच्या साईटवर सगळीकडे 'रग' लिहिलंय, सतरंज्या पण विकता का?" लिहिलेलं होतं 'रंग'. अनुस्वाराचा ठिपका मागच्या लहरीत बुडाला होता. देवनागरीचं हे दुखणं इंग्रजी नमुने बघून साईट करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. आपला अर्धा अर्थ शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली असतो, आणि ते ठिपके-मात्रा सगळ्यात बारीक. पार्श्वभूमीत जरा खडखड असली की पहिल्यांदा तेच जातात.

त्या मुलाला सांगितलं तर त्यानं आकडा दाखवला. दोन रंगांमधल्या उजेडाच्या फरकाचं एक गुणोत्तर असतं, १ पासून २१ पर्यंत. पांढऱ्यावर काळं म्हणजे पूर्ण २१. वेबसाईट सगळ्यांना वाचता यावी म्हणून जे जागतिक निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ हवेत. आमचं सोनेरी-मरून ५.२ भरत होतं. पास! मी दोन दिवस गप्प बसले. मग डोक्यात उजेड पडला की हा आकडा दोन सपाट रंगांचा आहे. मागे नक्षी असेल तर 'रंग'मधल्या 'रं'च्या मागे मरून असेल आणि 'ग'च्या मागे लहरीचा फिका पट्टा. मग गुणोत्तर कुणाशी काढायचं? नक्षीच्या सगळ्यात फिक्या रेघेशी मोजलं तर आम्ही साफ नापास.

लहर काढून टाकली. पूर्ण नाही, आता ती सगळ्यात वर नावाखाली एका पट्टीत आहे, साडीत असते तशी काठाला. सासूबाईंना हे पटलं. काठ अंगभर कुणी विणत नाही.

आता मूळ दुखणं, डाळिंबीचं.

एका रविवारी दिवाणावर डाळिंबी साडीचा पदर पसरला आणि त्याखाली एकेक रंगाचा कार्डशीट सरकवत गेले. सासूबाईंना समोर बसवलं आणि सांगितलं, साडी विसरा, रंग काय दिसतो तेवढं बोला. मरून कार्डशीटवर त्या म्हणाल्या, "विटका. धुवून आल्यासारखा." पोपटी हिरव्यावर, "अगं बाई, केवढा लाल!" पिवळ्यावर जरा जांभळट. काळ्यावर उजळ, नवीच साडी वाटावी अशी. करड्यावर त्या थांबल्या, चष्मा काढून परत लावला आणि म्हणाल्या, "ही आपली." पदर एकच, ट्यूबलाइट एकच, मध्ये पाच मिनिटंही गेलेली नाहीत. ठाण्याच्या ताईंचे डोळे चोख होते.

यावर शोधाशोध करताना शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सापडली आणि चहा गार होईपर्यंत मी वाचत बसले. १८२४ मध्ये तो पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर लावायची भरजरी चित्रवस्त्रं विणत. तक्रार अशी आली की तुमचा काळा धागा मेलेला दिसतो. त्यानं तो दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला, धाग्यात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे होते, त्यांच्यामुळे डोळ्याला तो तसा दिसत होता. १८३९ साली त्यानं हे सविस्तर मांडलं: शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना दूर ढकलतात. गडदाशेजारी फिकं आणखी फिकं दिसतं, लालाशेजारी दुसऱ्या लालाचा लालपणा ओसरतो. तोही तक्रारी निस्तरायला बसला होता, तेही विणकामाच्या कारखान्यात. मला तो माणूस एकदम शेजारचाच वाटला.

तर निष्कर्ष साधा होता आणि खर्चिक. साडीच्या मागे रंगच नको. साईटचं अंग अगदी फिकट करडं, जवळजवळ पांढरं केलं. मजकूर जवळजवळ काळा (गुणोत्तर १४ च्या पुढे). आणि सबंध साईटवर ठळक रंग एकच, गडद डाळिंबी, तोही फक्त 'मागवा' या बटणावर, आत पांढरी अक्षरं. ते ८ च्या आसपास भरतं.

बटणावरून आठवलं. मध्ये तीनेक आठवडे बटण भगवं होतं, माझ्याच हट्टानं. वेबवर प्रत्येक रंगाला एक कोड असतो; एफएफ९९३३ हा भगव्याचा सगळीकडे सापडणारा कोड, त्यावर पांढरी अक्षरं मला फार सुंदर वाटायची. गुणोत्तर निघालं २.१. दुपारी राजवाड्यासमोर उन्हात उभी राहून मोबाईल बघितला तर नुसता भगवा चौकोन, आत काही लिहिलंय याचा पत्ता नाही. त्याच भगव्यावर काळी अक्षरं ठेवली तर ९.९ येतात, पण ते मग रस्त्यावरच्या पाटीसारखं दिसायला लागलं. सोडून दिला.

खर्च कुठे आला, तर फोटोंत. जुन्या फोटोंत साड्या कातरून मरूनवर बसवलेल्या होत्या. पार्श्वभूमी फिकी केल्याबरोबर प्रत्येक साडीच्या कडेला काळपट मरून रेघ उमटली, जणू कडेनं जळलेली. गडद पार्श्वभूमीसाठी कातरलेला फोटो फिक्यावर चालत नाही, उलटंही चालत नाही. एकशे चाळीस फोटो परत काढले. खजुरी बाजारातून करड्या कागदाचे मोठे ताव आणले, मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी टांगले आणि सकाळी नऊ ते अकरा एवढ्याच वेळात फोटो घेतले. दिवाळीच्या तोंडावर. त्या पंधरा दिवसांत घरात स्वयंपाक कुणी केला ते विचारू नका.

करड्या कागदाचा एक फायदा मला आधी ठाऊक नव्हता. फोटोतला करडा निळसर किंवा पिवळट दिसला की लगेच कळतं, फोटोचा रंग सरकलाय. पांढरी भिंत एवढं चुगली करत नाही.

एक गोची मात्र महिनाभर कळली नाही. भाच्यानं त्याच्या आयफोनवर काढलेले फोटो त्याच्या हातात झकास दिसायचे आणि साईटवर चढवले की मरगळलेले. तो फोन डिस्प्ले पी-थ्री नावाच्या मोठ्या रंगपट्ट्यात, म्हणजे जास्त भडक रंगही मावतील अशा पट्ट्यात, फोटो साठवतो. फोटोसोबत 'मला असं वाचा' अशी चिठ्ठी असते. आमची साईट फोटो लहान करताना ती चिठ्ठीच फेकून द्यायची, आणि मग ब्राउझर तेच आकडे वेबच्या नेहमीच्या एसआरजीबी पट्ट्यात वाचायचा. गुलबक्षी रंगाचा त्यात जीवच जायचा. आता फोटो आधी एसआरजीबीत बदलूनच चढवतो. कुणी महेश्वरी, पैठणी, इरकल, काहीही विकत असेल तर या एका गोष्टीकडे आधी बघा.

लोक आपली साईट कोणत्या फोनवर बघतात हे मात्र आपल्या हातात नाही. एकाच्या फोनला भडक रंगांची सेटिंग, दुसऱ्याच्या फोनला रात्री पिवळा पडदा. आमच्या बऱ्याच ऑर्डरी रात्री दहानंतर येतात, सगळं आवरून बायका आडव्या झाल्या की. त्या वेळी तो पिवळा पडदा चालू असला तर आमची अंगूरी, म्हणजे द्राक्षासारखी हिरवी साडी, तिथे जवळपास मेंदी दिसते. काही ब्राउझर स्वतःहून सगळी साईट काळी करतात. आम्हीही हौसेनं डार्क मोड करून घेतला होता, तो डिसेंबरात काढला. काळ्या पानावर करड्या कागदाचे फोटो खिडक्यांसारखे चमकायचे, आणि मुद्दा तोच, काळ्यावर साडी उजळ दिसते. बातम्या वाचायला डार्क मोड ठीक आहे, साड्यांना नाही.

आणखी एक चूक, छोटी पण लाजिरवाणी. शिल्लक साडीवर हिरवा ठिपका, विकलेल्यावर लाल. एका गृहस्थांनी बायकोच्या वाढदिवसासाठी विकलेलीच साडी मागायला तीनदा मेसेज केला आणि शेवटी सांगितलं की त्यांना लाल-हिरवा वेगळे दिसत नाहीत. आता ठिपक्याच्या जागी शब्द आहेत, 'शिल्लक' आणि 'विकली'. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून रंगांधळ्या माणसाला पान कसं दिसेल ते बघता येतं, फुकट. मी ते आधी बघायला हवं होतं.

साधनांबद्दल विचाराल तर वेबएमचा कॉन्ट्रास्ट चेकर मी अजून आठवड्यातून एकदा तरी उघडते, त्यात दोन रंगांचे कोड टाकायचे की गुणोत्तर समोर. रंगसंगती सुचवणारी साधनं मात्र पहिल्या महिन्यानंतर उघडली नाहीत. कूलर्स नावाच्या अशाच एका साईटवर स्पेसबार दाबला की पाच नवे रंग समोर येतात, मजा वाटते, तास जातो. पण रोज वेगवेगळ्या रंगांचा माल मांडणाऱ्याला पाच रंगांची संगती हवीच कशाला? रंग साड्यांनी आणलेले असतात. जामला (जांभळा), तपकिरी, डाळिंबी, गुलबक्षी, अंगूरी एका पानावर शेजारी शेजारी आल्यावर साईटनं आपला सहावा मध्ये घालू नये. मिठाईच्या दुकानाला किंवा शिकवणीवर्गाला हे लागू नसेल, त्यांच्या मालाला स्वतःचा रंग असा नसतो, त्यांनी खुशाल रंग खेळावेत.

फरक पडला का? पडला. फिकट करड्यावर आल्यापासून रंगाच्या कारणानं दोनच साड्या परत आल्या. पण श्रेय सगळं पार्श्वभूमीला देणं खोटं होईल. त्याच सुमारास आम्ही प्रत्येक साडीखाली एक ओळ लिहायला लागलो, उदाहरणार्थ "उन्हात हिच्यात केशरी छटा दिसते", आणि कुणी विचारलं तर गच्चीवरून दहा सेकंदांचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवतो. माझ्या मते अर्धं काम त्या ओळीनंच केलंय. ओळी सासूबाई सांगतात, मी टाइप करते. "सुपारीच्या फोडीसारखी तपकिरी" ही त्यांची, आणि त्या साडीची नागपूरहून लगेच ऑर्डर आली.

पुण्यातल्या एका बाईंनी मात्र कळवलं की जुनी साईट जास्त थाटाची होती, आता सरकारी वाटते. खरं आहे. नव्या माणसाला पहिल्या क्षणी ती जरा कोरडी वाटते, आणि मला अजून त्यावर उपाय सापडलेला नाही. वरची लहर थोडी रुंद करून बघायचा विचार आहे.

न सुटलेलं दुसरं म्हणजे धूपछाव. ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा, साडी हलली की रंग बदलतो. मोरपंखी धूपछावच्या दोन साड्या जानेवारीपासून कपाटात आहेत. करड्यावर त्यांचा निळा तेवढा येतो, हिरवा येतच नाही. पांढऱ्यावर काढून पाहिलं, फिकट पिवळ्यावर काढून पाहिलं, खिडकीच्या उजव्या बाजूनं, डाव्या बाजूनं. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी त्यांतली एक काढली, घडी मोडली आणि भिशीला नेसून गेल्या. त्यामुळे आता एकच उरली आहे.