बटण नसलेला स्कॅनर: साडेसातशे रुपयांच्या ओबीडीबरोबर दहा महिने

जुलैत घेतला तेव्हा पाच स्टार दिले होते. दिवाळीत एकावर आणले. आता तिसऱ्यांदा रिव्ह्यू लिहितोय, आणि यावेळी जरा सविस्तर, कारण आमच्या गल्लीतले तिघेजण "घेऊ काय रे तसला?" म्हणून विचारून गेलेत आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून तोंड दुखायला लागलंय.

वस्तू तुम्हाला ठाऊक असेलच: ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या बिघाडांचे कोड वाचणारं यंत्र. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा निळा डबा. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात खुपसायचा, ब्लूटूथनं मोबाईलला जोडायचा. 749 रुपये. गाडी 2014 ची, पेट्रोल, चार सिलेंडर, केए 22, म्हणजे बेळगावची. मी उद्यमबागेत टर्निंगचं जॉबवर्क करतो, त्यामुळे पाना हातात धरायची भीती नाही. पण इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की आजवर लांबच राहिलो होतो.

घ्यायचं कारण म्हणजे भांडण. जुलैत गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात, धो धो पाऊस आणि धुक्यात, गाडी गचके द्यायला लागली. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, आणि चढाला तर तो लुकलुकायला लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा: दिवा नुसता जळत असेल तर सावकाश घरी येता येतं, लुकलुकत असेल तर मिसफायर, म्हणजे सिलेंडरात पेट्रोल न पेटणं, इतका आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढतं. हजाराचं काम तिथं काही दहा हजारांत जातं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी जांबोटीपर्यंत तसाच रेटत आलो.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गाडी लावली. नाव सांगत नाही. जॉबकार्ड इंग्रजीत, एसएमएस कन्नडात आणि भांडण मराठीत. संध्याकाळी एस्टिमेट आलं 14,800 रुपयांचं. चारही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या), चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. स्कॅनिंगचे 650 वेगळे. मी विचारलं, कोड काय आला? तर म्हणे, "सिस्टीममध्ये आहे." अहो, माझ्या गाडीचा कोड, पैसे मी मोजलेले, आणि तो तुमच्या सिस्टीममध्ये? 650 दिले, गाडी काढली, घरी येऊन रागारागानं ऑर्डर टाकली. तोवर मंडळींनी रिक्षानं फिरावं.

चार दिवसांनी डबा आला. जोडला, ॲप उघडलं, अर्ध्या मिनिटात समोर: पी 0303. शेवटचा आकडा सिलेंडरचा. म्हणजे तिसऱ्या सिलेंडरला मिसफायर. 0300 आला असता तर कुठला एक असा नाही, इकडे तिकडे सगळीकडे. त्याखालीच "फ्रीझ फ्रेम" म्हणून पान असतं, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणाचा फोटोच: 2,340 आरपीएम, ताशी 31 किलोमीटर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) 88 अंश, लोड 78 टक्के. मी बघतच राहिलो. तो चोर्ल्यातला चढच होता! म्हणून सांगतो, ॲपमध्ये "क्लिअर" लिहिलेलं बटण दिसलं की हात शिवशिवतो, पण आधी कोड आणि हे पान दोन्हींचे स्क्रीनशॉट काढा. क्लिअर केलं की हा फोटो जातो, आणि गाडीनं स्वतःच्या केलेल्या चाचण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

कोड मिळाला म्हणून मी लगेच कॉइल आणायला निघालो होतो. ऑटोनगरातल्या आमच्या मेस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "तिसऱ्याचं नाव घेतंय ते. पण का घेतंय? तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर टाक, दुसऱ्याची तिसऱ्यावर, मग बघ कुणाचं नाव घेतंय." साधी युक्ती, एक रुपयाचा खर्च नाही. इंजिन थंड असताना 10 नंबरचा पाना, एकेक बोल्ट, कनेक्टरची खिट्टी दाबून काढायची, कॉइल थोडी पिळत वर ओढायची. सिलेंडर टायमिंग चेनच्या बाजूनं मोजायचे. अदलाबदल केली, कोड पुसला, कॅम्पात एक चक्कर मारून आलो. पी 0302. म्हणजे दोष कॉइलबरोबर हलला. दोष तिसऱ्यावरच राहिला असता तर पुढे प्लग बदलून बघायचा, मग इंजेक्टर, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन. खर्च वाढत जातो त्याच क्रमानं.

कॉइल काढून उजेडात धरली तर खालच्या रबरी नळीवर केसाएवढी काळी रेघ. वीज स्पार्क प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या रेघेवरून बाहेर अर्थिंग होत होती, आणि पावसात ओल मिळाली की जास्तच. नवी कॉइल 1,450 रुपये. मजुरी शून्य. पाच स्टार त्याच रात्री दिले, आणि खाली काय काय लिहिलं होतं ते आता वाचवत नाही. लग्नाच्या पत्रिकेत पण इतकं कौतुक नसतं.

इथवर सगळं गोड. आता बटणाचं सांगतो.

या डब्याला बटण नाही. चालू-बंद करायला काहीच नाही. त्यावर लाल दिवा आहे, तो जळतो. चावी काढली तरी जळतो. कारण त्या सोळा पिनांतली सोळावी पिन थेट बॅटरीच्या प्लसला असते, चावीचा तिच्याशी संबंध नाही. चौथी आणि पाचवी अर्थिंगच्या. ही काही चूक नव्हे, पोर्ट असतोच तसा. पण मग 749 रुपये घेणाऱ्यानं दोन रुपयांचं बटण नको का द्यायला? आमच्याकडे दोन रुपयांचा वॉशर विसरला तर पार्टी अख्खा लॉट परत पाठवते.

मला हे सगळं दिवाळीपर्यंत कळलंच नाही. मी डबा तिथंच राहू दिला, कारण चालवताना मोबाईलवर कूलंटचं तापमान बघायची सवय लागली होती. घाट चढताना 96, उतरताना 89. त्याशिवाय चैन पडेना.

भाद्रपदात आमच्या गल्लीत मांडव पडला. तुम्ही बेळगावचे असाल तर पुढं सांगायला नको. एकदा मांडव पडला की आतली गाडी आत आणि बाहेरची बाहेर. कपिलेश्वर तलावात शेवटची मूर्ती जाऊन मांडव सुटेपर्यंत तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी चावी फिरवली: टक. नुसतं टक. शेजारचे काका म्हणाले, "बॅटरी गेली, बदल." एक्सचेंजमध्ये 4,200 सांगितले. मी आपला कारखान्यात नेऊन हळू चार्जरवर रात्रभर लावली. सकाळी दुकानात लोड टेस्ट केली तर तो म्हणाला, बॅटरीत येनू इल्ल, काही नाही. तीन वर्षं जुनी आहे, पण चालेल. मी खूश. 4,200 वाचले.

दिवाळीत दहा दिवस पुण्याला बहिणीकडे होतो, बसनं गेलो. परत आलो, पुन्हा टक. जंप देऊन चालू केली आणि सवयीनं ॲप उघडलं तर नवा कोड: पी 0562, सिस्टीम व्होल्टेज कमी. चोरानंच जाऊन पोलिसात वर्दी द्यावी तसं! पण तेव्हा मला चोर कुठं माहीत होता.

मग दोन रविवार शोध. ज्यांची गाडी उभी राहून बॅटरी उतरते त्यांच्यासाठी पद्धत सांगतो, स्कॅनर असो नसो. बॉनेट उघडं ठेवायचं, दारं बंद, किंवा दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं बंद करून ठेवायचं म्हणजे आतला दिवा विझतो. मल्टिमीटर दहा ॲम्पियरच्या भोकात लावायचा, बॅटरीची मायनस केबल सोडवून मीटर मध्ये जोडायचा. मग निदान अर्धा तास काहीही न करता थांबायचं. गाडीतले कंट्रोलर लगेच झोपत नाहीत, सुरुवातीला आकडा मोठा दिसतो आणि माणूस घाबरतो. झोपल्यावर 50 मिलिॲम्पियरच्या आत असेल तर गाडी निरोगी. मधे चावी अजिबात फिरवायची नाही. माझ्या पोरानं "पप्पा, आता चालू करून बघू?" म्हणत फिरवली. मीटरचा फ्यूज गेला. पुन्हा फ्यूज, पुन्हा अर्धा तास.

आकडा आला 83. आता एकेक फ्यूज उपटायचा आणि मीटरकडे बघायचं. काका खुर्ची टाकून बसले, "काय करूलालास रे हे, सकाळधरनं?" अकराव्या फ्यूजला आकडा 83 वरून धाडकन 24. सापडला! मॅन्युअलमध्ये बघितलं तर त्या फ्यूजवर आतला दिवा, रेडिओची मेमरी आणि आणखी बारीकसारीक. मी दाराचा स्विच बदलला, 180 रुपये. 83. दिव्याचा बल्ब काढला. 83. रेडिओ बाहेर ओढला, 79. मग रेडिओ परत बसवायला गुडघ्यावर वाकलो आणि स्टिअरिंगखाली तो लाल दिवा शांतपणे माझ्याकडे बघत होता.

उपटला. 24.

आता हिशेब घाला. 83 मिलिॲम्पियर म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन ॲम्पियर-तास. मांडवाचे तेरा दिवस म्हणजे 26. बॅटरीवर लिहिलेले 35, तेही नवी असताना. डबा नसता तर त्याच तेरा दिवसांत साडेसात गेले असते आणि गाडी एका हाकेला उठली असती. रोज चालणाऱ्या गाडीला याचा काहीच त्रास नाही, अल्टरनेटर चालू झाला की 14 व्होल्टच्या आसपास चार्जिंग सुरू होतं आणि भरपाई होते. त्रास माझ्यासारख्याला, ज्याची गाडी आठवडाभर उभी असते.

एक स्टार तेव्हा दिला. राग आला होता, कारण दोष शोधायचं यंत्रच दोष निघालं.

जानेवारीत मत बदललं. सकाळी गाडी उभ्याउभ्या थरथरायची, कोड पी 0171, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. यावेळी मी कुणाला फोन केला नाही. लाइव्ह डेटात "लाँग टर्म फ्युएल ट्रिम" बघितला, म्हणजे गाडी स्वतःहून पेट्रोल किती कमीजास्त करतेय तो आकडा: आयडलवर (रेस न देता) अधिक 22 टक्के, रेस देऊन 2,500 आरपीएमवर धरली तर अधिक 6. आयडलला जास्त आणि रेसवर कमी होत असेल तर कुठूनतरी चोरून हवा येतेय. आयडलला इंजिन हवाच थोडी ओढतं, म्हणून फट मोठी भासते. उलट रेसवर ट्रिम वाढत गेला असता तर पेट्रोल पंप, फिल्टर, किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरकडे बघितलं असतं. बॉनेट उघडून कान दिला, इंजिनला हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमागच्या एका बारीक रबरी पाइपच्या टोकाला चीर. 60 रुपयांचा पाइप. हे काम डब्याशिवाय मला जमलं नसतं, कबूल.

काय जमत नाही तेही सांगतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड याला दिसत नाहीत, निदान माझ्या गाडीत नाहीत. ब्रेकची किरकिर, क्लच, खानापूर रोडनं बहाल केलेली पुढची खडखड, यांना कोडच नसतो, खाली वाकून हलवूनच बघावं लागतं. सासऱ्यांच्या 2008 च्या गाडीला जोडला तर बोललाच नाही. आपल्याकडे ओबीडी टू 2013 पासून सक्तीचं, त्यामुळे त्याआधीची गाडी असेल तर मित्राचा डबा जोडून बघितल्याशिवाय घेऊ नका. आयफोनला हा चालत नाही, वायफायवाला किंवा बीएलईवाला (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) लागतो. आणि बॉक्सवर "व्हर्जन 1.5" छापलंय, जे अशा डब्यांची मूळ चिप पूर्वी बनवणाऱ्या कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सनं कधी काढलंच नव्हतं. म्हणजे नक्कल आहे, उघड आहे. चालतंय तोवर मी काही बोलत नाही. फक्त व्होल्टेज मल्टिमीटरपेक्षा 0.3 नं कमी दाखवतो, तेवढं मनात धरायचं.

बटणाचं काय केलं? बायको म्हणाली, "काढून खिशात ठेवा की. त्याला काय एवढं?" बरोबर आहे तिचं. पण रोज काढघाल केली की सॉकेटच्या पिना सैल होतात, आणि वाकून वाकून माझी कंबर. खरं कारण मात्र हेकट स्वभाव. 280 रुपयांची सोळा पिनांची एक्स्टेन्शन केबल आणली. मल्टिमीटरच्या बीपवर सोळाव्या पिनची वायर ओळखली, तेवढीच कापली, मध्ये एक ॲम्पियरचा फ्यूज आणि 40 रुपयांचं टॉगल बटण. स्टिअरिंगच्या खाली रिकाम्या झाकणात भोक पाडून बसवलं, कडा फाइलनं साफ केल्या. 749 च्या वस्तूवर 320 रुपये आणि तिसरा रविवार. काका म्हणाले, एवढ्यात कुंदा आला असता किलोभर.

बटण बंद, मीटर 24. दोनदा मोजलं.

पाचातले साडेतीन. दीड बटणाचा कापला, आणि तो कंपनीनं बटण दिल्याशिवाय परत मिळणार नाही.